किती अश्वशक्ती, आणि किती तास?

गेटवे ऑफ इंडियापासून मांडव्याचा धक्का समुद्रमार्गे साधारण १० सागरी मैलांवर आहे. प्रवासी कॅटामरान हे अंतर पाऊण ते एक तासात कापतात. भाऊच्या धक्क्यावरून मार्च २०२० मध्ये सुरू झालेली रो-रो बोटही जवळपास तेवढाच वेळ घेते. ज्यांना पैसे मोजणे परवडते त्यांना स्पीडबोट वीस-पंचवीस मिनिटांत पलीकडे पोहोचवते. किहीम, आवास, सासवणे या पट्ट्यात मुंबईकरांची घरे वाढत गेली तशा खासगी वेगवान बोटीही वाढल्या. अशी बोट घेणारा माणूस, भाड्याने चालवणारा धंदेवाईक आणि पोलिसांसाठी निविदा काढणारा अधिकारी या तिघांचाही पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : किती एचपी? माझ्या मते या किनाऱ्यावर हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे. इंजिन वर्षाकाठी किती तास चालणार, कोणत्या पाण्यात चालणार आणि भर समुद्रात बंद पडले तर बोटीचे काय होणार, हे तीन प्रश्न त्याच्या आधीचे आहेत. त्यांची उत्तरे ठरली की अश्वशक्तीचा आकडा बराचसा आपोआप ठरतो, आणि तो बहुतेक वेळा विक्रेत्याने सुचवलेल्या आकड्यापेक्षा लहान असतो.

आधी वेग कसा येतो ते पाहू. मच्छीमार नौका पाणी बाजूला सारत चालते. अशा नौकेचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. मोठे इंजिन बसवले तरी मागची लाट मोठी होते, वेग फारसा वाढत नाही. स्पीडबोटीचा तळ वेगळा असतो. पुरेशी शक्ती मिळाली की ती पाण्याच्या वर उचलली जाते आणि पृष्ठभागावरून धावू लागते. मग तिचा वेग ठरतो तो वजन आणि शक्ती यांच्या गुणोत्तरावर, तोही वर्गमुळाच्या हिशेबाने : वजन तेच ठेवून शक्ती दुप्पट केली तर वेग दुप्पट होत नाही, सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. समजा ३०० अश्वशक्तीवर एक बोट ३० नॉटने, म्हणजे ताशी ३० सागरी मैलांनी जाते. ती ६०० अश्वशक्तीची केली तर फार तर ४२ नॉट मिळतील, कारण वाढलेल्या इंजिनाचे आणि इंधनाचे वजनही तिलाच वाहायचे आहे. मांडव्यापर्यंतचे १० मैल ३० नॉटने २० मिनिटांत होतात, ४२ नॉटने १४ मिनिटांत. सहा मिनिटांच्या बचतीसाठी प्रत्येक फेरीला सुमारे ४० टक्के जास्त इंधन जाळायचे आणि इंजिनाची किंमत दुपटीने मोजायची, असा हा व्यवहार आहे. शिवाय ही सहा मिनिटेही रोज मिळत नाहीत. उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो आणि बंदराबाहेरच्या मोकळ्या पाण्यात आखूड, उभ्या लाटा उठतात. त्या पाण्यात बोटीचा तळ आपटू लागला की तांडेल स्वतःच थ्रॉटल मागे घेतो, कारण प्रवाशांचे मणके आणि बोटीचा सांगाडा इंजिनाच्या आधी हात टेकतात. दुपारच्या फेरीला वेग ठरवते ती लाट.

आता तासांचा प्रश्न. इंजिनावर लिहिलेली अश्वशक्ती हा एकच, न बदलणारा गुण आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात एकच इंजिन कारखान्यातून वेगवेगळ्या आकड्यांनी बाहेर पडते. कमिन्सचे ६.७ लिटरचे सहा सिलिंडरचे सागरी डिझेल इंजिन घ्या : दीर्घकाळ राबणाऱ्या कामासाठी ते २५० अश्वशक्तीच्या आसपास मिळते आणि हौशी बोटींसाठी ५५० पर्यंत. त्यांचा मूळ सांगाडा एकाच जातीचा. फरक पडतो तो टर्बो, इंधनाचा पुरवठा, संगणकातली मर्यादा आणि मुख्यतः कंपनीने घातलेली अट यांत. हौशी दर्जाच्या इंजिनाची अट साधारणपणे अशी असते की पूर्ण शक्ती आठ ते बारा तासांत एखादाच तास वापरावी आणि वर्षाला तीनशे ते पाचशे तासांच्या पुढे जाऊ नये. मधल्या दर्जाच्या इंजिनाला वर्षाला दोन-तीन हजार तासांची मुभा असते. त्यापलीकडे अखंड चालणाऱ्या टगबोटींचा दर्जा. आता मांडवा मार्गावरच्या भाड्याच्या स्पीडबोटीचा हिशेब करू. दिवसाला आठ एकेरी फेऱ्या धरल्या तर धावण्याचे तास होतात पावणेतीन. पावसाळ्याचे तीन महिने वगळून नऊ महिने हे चालले तर सातशेहून अधिक तास भरतात. उलट शनिवार-रविवारी अलिबागला येणाऱ्या कुटुंबाची खासगी बोट वर्षात शंभर तासही चालत नाही. दोन्ही बोटी सारख्या दिसतील, सारख्या वेगाने धावतील, पण एकीला चालणारे इंजिन दुसरीत दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात पिस्टन आणि टर्बो घेऊन बसेल. ती चूक इंजिनाच्या माथी मारली जाते, खरे तर ती निवडीची असते.

‘हाय-परफॉर्मन्स’ म्हटले की डोळ्यांपुढे शर्यत येते, म्हणून शर्यतीचेही पाहू. ३ ते ५ मार्च २०१७ या दिवसांत मरीन ड्राइव्हसमोर पी-वन पॉवरबोटींची शर्यत झाली. त्या बोटी एकाच साच्यातल्या होत्या आणि सगळ्यांना २५० अश्वशक्तीचे एकसारखेच आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर बसवलेले इंजिन होते. शक्ती समान ठेवल्यावर उरते ते चालकाचे कसब, लाटेचा अंदाज आणि बोटीच्या नाकाचा कल सांभाळण्याची कला. तीन दिवस मुंबईकरांनी पाहिला तो वेग यातून आला होता. शर्यतीच्या बोटीमागे मेकॅनिकांचे पथक उभे असते, फेरी संपली की तिचे इंजिन तपासले जाते, बोट ट्रेलरवर चढते. रेवदंड्याच्या खाडीत नांगरलेल्या बोटीला यातले काहीही मिळणार नाही. तिने शर्यतीकडून मोठा आकडा उचलण्यापेक्षा योग्य पंखा आणि वजनाची शिस्त उचलावी.

पाण्याकडे वळल्यावर रायगडचे वेगळेपण जाणवते. बोटीच्या इंजिनांची माहितीपत्रके समशीतोष्ण देशांच्या मानकांवर बेतलेली असतात. शक्ती मोजताना हवा २५ अंशांची आणि आर्द्रता ३० टक्के धरली जाते. मे महिन्यातल्या मुरूडला दोन्ही आकडे कितीतरी वर असतात, समुद्राचे पाणीही ३० अंशांच्या घरात जाते, आणि इंजिनाला थंड करायचे ते याच पाण्याने. शक्तीचे काही टक्के तिथेच गळतात. त्यात धरमतर, कुंडलिका, राजपुरी, सावित्री या खाड्या गाळ आणतात. उधाणाला पाणी इथे चार-साडेचार मीटर चढते-उतरते, त्यामुळे हा गाळ कधी खाली बसतच नाही. गढूळ खारे पाणी ओढणाऱ्या पंपाचे रबरी चाक झिजते, उष्णताविनिमयाच्या नळ्या बुजतात आणि इंजिन तापू लागते. पाण्याखाली डोल जाळ्यांचे खुंट आणि दोर, पृष्ठभागावर प्लॅस्टिक. म्हणून इथे पाणी ओढणारी गाळणी चटकन उघडून साफ करता येणे हे पन्नास अश्वशक्तीपेक्षा मोलाचे आहे. पाणी आत ओढून मागे जोराने फेकणाऱ्या वॉटरजेटचा मोह अशा उथळ पाण्यात साहजिक आहे. न्यूझीलंडच्या उथळ नद्यांसाठी बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात ही यंत्रणा घडवली. आपल्या तटरक्षक दलासाठी लार्सन अँड टुब्रोने बांधलेल्या ४५ नॉटच्या इंटरसेप्टर बोटीही जेटवरच धावतात. बाहेर पंखा नसल्याने जाळ्याचा दोर गुंडाळत नाही, पाण्यात पडलेल्या माणसालाही पात्यांचा धोका राहत नाही. पण जेटचे तोंड तळाशी असते. तिथे प्लॅस्टिकची एखादी चादर बसली की जोर एकदम नाहीसा होतो, आणि कमी वेगात जेट पंख्यापेक्षा जास्त इंधन पिते. सततच्या वेगवान गस्तीला जेट शोभते. धक्का ते धक्का फेरी मारणाऱ्या बोटीला मला पंखाच बरा वाटतो. आउटबोर्डचा इथे एक उघड फायदा आहे : ओहोटीला इंजिन वर उचलता येते, पंख्यात अडकलेला दोर पाण्यात न उतरता कापता येतो, आणि नांगरावर असताना सगळे यंत्र खाऱ्या पाण्याबाहेर राहते.

इंधनाचा मुद्दा गेल्या काही वर्षांत फार बदलला आहे आणि त्याची चर्चा पुरेशी होत नाही. आउटबोर्ड बहुतेक पेट्रोलवर चालतात. आपल्याकडे पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते, तर बोटींच्या इंजिनांचे बहुतेक मोठे उत्पादक १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतले पाणी शोषते. मोटारीची टाकी आठवड्याला रिकामी होते, म्हणून तिथे ते फारसे जाणवत नाही. बोटीची टाकी पावसाळ्यात तीन महिने दमट हवेत अर्धी भरून पडली तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतात, आणि सप्टेंबरमध्ये इंजिन पहिल्यांदा ओढते ते नेमके तेच. पाणी वेगळे करणारा मोठा फिल्टर, जुन्या रबरी नळ्या बदलणे, पावसाळ्याआधी टाकी पूर्ण रिकामी करणे, हा पेट्रोल इंजिनाच्या किमतीचाच भाग समजला पाहिजे. दुसरे असे की पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने स्फोट होतो, म्हणून बंद इंजिनखोलीत पेट्रोल इंजिन मी सुचवणार नाही. डिझेलला हा धोका कितीतरी कमी. तेवढ्याच शक्तीसाठी ते लागतेही कमी : ३०० अश्वशक्तीचे पेट्रोल आउटबोर्ड पूर्ण वेगात ताशी ९५-१०० लिटर पिते, त्याच शक्तीचे डिझेल साधारण ६०. आणि आपल्या बंदरांवर मच्छीमार सहकारी संस्थांच्या व्यवहारामुळे डिझेलची वहिवाट जुनी आहे, पेट्रोल मात्र गावातून कॅनमध्ये भरून आणावे लागते.

यावर नेहमीचा आक्षेप येतो तो वजनाचा, आणि तो खरा आहे. ३०० अश्वशक्तीचे आधुनिक आउटबोर्ड २४० ते ३२० किलोंत मिळते. तेवढ्या शक्तीचे डिझेल, गिअर आणि ड्राइव्ह धरून, सहाशे-सातशे किलोंवर जाते. वर सांगितलेल्या हिशेबात वजन म्हणजे गमावलेला वेग. मात्र डिझेल म्हणजे मंद ही समजूत कालबाह्य झाली आहे. इटलीचे बोटबांधणीकार फॅबिओ बुझ्झी यांनी २०१८ मध्ये कोमो सरोवरावर डिझेल इंजिनाच्या बोटीने ताशी २७७ किलोमीटरचा वेग गाठला. इंजिनाच्या वजनाची काही भरपाई टाकीतही होते, कारण दिवसभर फिरणाऱ्या बोटीला पेट्रोलपेक्षा डिझेल कितीतरी कमी न्यावे लागते. म्हणून माझी विभागणी अशी आहे : वर्षाला दोनशे तासांच्या आतल्या आठ-दहा मीटरच्या खासगी बोटीला आउटबोर्ड, रोज राबणाऱ्या भाड्याच्या आणि गस्तीच्या बोटीला मधल्या दर्जाचे डिझेल. विजेवर चालणाऱ्या बोटींची चर्चा आहे, आणि बंदराच्या आतल्या छोट्या फेऱ्यांना त्या उत्तम ठरतील. पण डिझेलच्या वजनात मावणारी ऊर्जा बॅटरीत मावू लागेपर्यंत खुल्या समुद्रातला लांब पल्ला त्यांच्या आवाक्यात नाही.

आता तिसरा प्रश्न, इंजिन बंद पडण्याचा. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरजवळ ‘लेडी हान’ नावाची १६ मीटरची बोट किनाऱ्याला लागली. आत तीन एके-४७ रायफली सापडल्याने राज्यभर खळबळ माजली, रायगडात नाकाबंदी झाली. त्याच दिवशी विधिमंडळात माहिती देण्यात आली ती अशी : मस्कतहून युरोपकडे निघालेल्या या बोटीचे इंजिन २६ जूनला बिघडले, एका कोरियन युद्धनौकेने माणसांना वाचवले, समुद्र खवळलेला असल्याने बोट ओढून नेता आली नाही आणि ती वाहत आली. ओमानच्या बाजूला बंद पडलेली बोट सात आठवड्यांनी श्रीवर्धन तालुक्यात. पावसाळी समुद्र इंजिन नसलेल्या बोटीला कुठे नेतो याचा याहून बोलका पुरावा नको. म्हणून दोन इंजिने. ही नवी गोष्टही नाही. कुलाब्याच्या आंग्र्यांच्या गलबतांना शिडांबरोबर चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला की ईस्ट इंडिया कंपनीची मोठी जहाजे जागच्या जागी खिळत आणि गलबते वल्ह्यांच्या जोरावर आपल्या मोठ्या लढाऊ गुराबांना ओढत नेऊन तोफा डागत. एकमेकांवर न विसंबणारी चालनाची दोन साधने हे त्या आरमाराचे बळ होते. दोन इंजिनांवर आक्षेप असा की पाण्यातला अडथळा वाढतो, देखभाल दुप्पट होते आणि तेवढ्याच शक्तीचे एक इंजिन जास्त वेग देते. शांत पाण्यात हे बरोबर आहे. पण नवगाव किंवा काशिदसमोर एकच इंजिन बंद पडले तर भरतीची ओढ बोटीला खडकांवर नेते, आणि ओढून न्यायला कोणी येईपर्यंत नांगराशिवाय आधार नसतो. मात्र दोन इंजिने एकाच टाकीतून, एकाच फिल्टरमधून आणि एकाच बॅटरीवर चालत असतील तर ती कागदावरच दोन आहेत. टाकीत पाणी गेले की दोन्ही एकदम बंद पडतात. टाक्या, फिल्टर आणि बॅटऱ्या वेगळ्या ठेवण्याचा खर्च फार नाही, आणि दुसऱ्या इंजिनाला खरा अर्थ त्यानेच येतो.

इंजिनाइतकीच महत्त्वाची त्याची आज्ञायंत्रणा. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जीव गेले. इंजिनाची चाचणी सुरू असताना बिघाड होऊन बोटीवरचा ताबा सुटला, असे नौदलाने त्याच दिवशी सांगितले. घारापुरी रायगड जिल्ह्यातच येते आणि तिथले बोटवाले, दुकानदार, गावकरी रोज त्याच पाण्यातून ये-जा करतात. या घटनेनंतर तरी वेगवान बोटीची निवड करताना थ्रॉटल अडकला तर काय, हा प्रश्न इंजिनाच्या शक्तीआधी विचारायला हवा. चालकाच्या अंगाला बांधलेली दोरी सुटताच इंजिन बंद पडले पाहिजे, थ्रॉटलशी संबंध नसलेले बंद करण्याचे दुसरे बटण हाताशी असले पाहिजे, आणि नव्या इंजिनाची चाचणी प्रवासी मार्गापासून दूर मोकळ्या पाण्यात झाली पाहिजे. तीस नॉटला बोट सेकंदाला पंधरा मीटर पुढे जाते. सुधारायला वेळ उरत नाही.

वेगाच्या बाजूने सर्वांत जोरदार युक्तिवाद सुरक्षेचा आहे. १९९३ मध्ये याच जिल्ह्यात शेखाडीला स्फोटके उतरली, २००८ मध्ये हल्लेखोर समुद्रातून मुंबईत शिरले. त्यानंतर किनारी पोलिसांना पाच आणि बारा टनांच्या वेगवान बोटी मिळाल्या. पाठलाग करायचा तर कमाल वेग लागणारच, असे म्हटले जाते. पण पाठलागाला आधी बोट पाण्यात आणि चालू हवी. इंधन, सुटे भाग आणि प्रशिक्षित माणसे यांच्या अभावी पोलिसांच्या बोटी धक्क्याला बांधून राहिल्याचे ताशेरे महालेखापरीक्षकांनी काही राज्यांच्या अहवालांत ओढले आहेत. ४० नॉटची बोट वर्षातले निम्मे दिवस बंद असेल तर रोज निघणारी २८ नॉटची बोट किनाऱ्याचे अधिक रक्षण करते. १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ प्रवासी बोट बुडू लागली तेव्हा ८८ जण वाचले, कारण मांडवा पोलिसांची गस्ती बोट जवळच होती आणि चालू होती. म्हणून सरकारी खरेदीत कमाल वेगाबरोबर दोन अटी असाव्यात : वर्षात किती दिवस बोट तयार राहील याची लेखी हमी, आणि मुंबई किंवा अलिबाग परिसरात सुटे भाग व मेकॅनिक असलेले इंजिन. कोणते इंजिन उत्तम याचे निम्मे उत्तर ते जवळपास कोण दुरुस्त करतो यातच असते. आपल्या मच्छीमारांनी ट्रकच्या इंजिनांवर आधारलेली सागरी इंजिने पसंत केली ती याच विचाराने.

इंजिन ठरले तरी पंखा उरतो, आणि तिथे चांगली निवड वाया जाऊ शकते. विक्रेता चाचणी देतो ती सकाळच्या शांत पाण्यात, रिकाम्या बोटीत, दोन माणसे घेऊन. चाचणी दुपारी मागावी, टाक्या भरलेल्या, सर्व आसनांइतके वजन चढवलेले. अशा भाराखाली थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर इंजिनाने आपले ठरलेले कमाल फेरे गाठलेच पाहिजेत. ते गाठत नसेल तर पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पंखा जितके पुढे सरकू पाहतो ते अंतर) जास्त आहे आणि इंजिन सतत चढावर ओझे ओढणाऱ्या बैलासारखे दमते : धूर काळा येतो, तापमान चढते, आयुष्य घटते. आउटबोर्डमध्ये पिच एक इंच कमी केला की फेरे साधारण दीडशे ते दोनशेने वाढतात. तळाला शेवाळ आणि शंख-शिंपले चिकटले की दोन महिन्यांत बोट पुन्हा जड होते, म्हणून नव्या बोटीला पंखा थोडा हलकाच घ्यावा, आणि दुसरा एक पंखा तळाच्या कप्प्यात कायम ठेवावा.